भातगिरणी बायकांच्या नावावर, पण पैसा कोणाच्या हातात?

मृण्मयी_भ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. आमच्याबरोबर चाळीस शेतकरी बायकांचा गट आहे. सगळ्या भात पिकवतात. घरी खायला ठेवून प्रत्येकीकडे सरासरी आठ क्विंटल भात विकायला उरतं. मळणी झाली की आठवड्याभरात व्यापारी दारात येतो, स्वतः सांगेल त्या भावाने भात उचलतो. त्यातल्या निम्म्या बायका सहा-सात महिन्यांनी दुकानातून तांदूळ विकत आणतात. म्हणजे भात स्वस्तात द्यायचं आणि तांदूळ महागात घ्यायचा.

आता एक देणगीदार छोटी भातगिरणी द्यायला तयार आहेत. "एका बाजूने भात टाका, दुसऱ्या बाजूने पांढराशुभ्र तांदूळ" असं ते यंत्र आहे. बायका खूश आहेत, पण मला कुठेतरी धाकधूक वाटतेय. यंत्र आलं की खरंच बाईच्या हातात काही पडतं का? ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं आहे.

गिरणीवाला

ताई, तेवीस वर्षं भात भरडतोय, म्हणून पहिला नंबर माझा.

तुम्ही वर्णन केलेलं यंत्र बहुतेक जुन्या पद्धतीचा लोखंडी हलर असावा. एंगलबर्ग नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात काढलेली ही रचना आहे. आत खाचांचा लोखंडी रूळ फिरतो, भात दाबाने घासलं जातं, तूस (बाहेरचं टरफल) आणि कोंडा (त्याखालचा पातळ थर) एकाच फटक्यात निघतो. दणकट, स्वस्त, गावातला कोणीही दुरुस्त करील असं काम. पण घासाघाशीत दाणा मोडतो. १०० किलो भातातून ५३ ते ५५ किलो तांदूळ हाती लागतो, आणि अख्खा दाणा म्हणाल तर ३० किलोच्या आसपास. तूस आणि कोंडा एकत्र निघतात ते वेगळंच.

रबरी रूळवाल्या यंत्रात दोन रूळ वेगवेगळ्या गतीने उलटसुलट फिरतात, तूस सोलून निघतं, मग तांदूळ वेगळ्या भागात पॉलिश होतो, म्हणजे कोंडा निघतो. उतारा ६० च्या वर जातो, भात चांगलं असेल तर ६५. तुसाचे २० किलो तर जाणारच, ते देवालाही चुकत नाहीत. रूळ मात्र झिजतात, बदलावे लागतात. तो खर्च यंत्र विकणारा कधी सांगत नाही. कोणतं यंत्र मिळतंय ते आधी विचारा.

फोलपट

वाचतोय. छान धागा.

कणीदार

गिरणीवाले म्हणतात ते खरं, पण अर्धंच. माझ्या सदस्यनामाची कथा सांगतो.

आमच्या बायकोच्या गटाने चांगलं रबरी रूळवालं यंत्रच घेतलं होतं. पहिल्या दिवशी पाटीत तांदूळ कमी आणि कणी जास्त. चालवणाऱ्या मुलाला शिव्या बसल्या. मग यंत्रवाल्याला. त्याने येऊन रूळांमधलं अंतर बदललं, फरक शून्य. शेवटी गटातल्याच एका म्हाताऱ्या बाईने पोत्यातलं भात हातावर चोळलं, दाणा उजेडात धरला आणि म्हणाली, "यात गिरणीचा काय दोष? दाणा अंगणातच तडकलाय."

झालं असं की दिवसभर कडक उन्हात भात वाळवायचं आणि रात्री तसंच पसरून ठेवायचं, गोळा करायचा कंटाळा. रात्री दव पडलं की वाळलेला दाणा ओल ओढून घेतो, बाहेरून फुगतो, आतून तसाच राहतो आणि आडवी चीर पडते. ती डोळ्यांना सहज दिसत नाही. गिरणीत दाब पडला की दाणा बरोबर त्या चिरेवर मोडतो. यंत्र फक्त निकाल सांगतं, नापास आधीच झालेलो असतो.

नंतर शिकलो ते असं. कापणीला भातात २० ते २५ टक्के ओल असते, ती १४ वर आणायची. दोन ते चार सेंटीमीटरचाच थर, जाड नाही आणि अगदी विरळही नाही. दर अर्ध्या तासाने परतायचं. दुपारी भात हाताला चटका देऊ लागलं की झाकायचं. संध्याकाळी गोळा करून ताडपत्रीखाली. एवढं केल्यावर त्याच यंत्रातून, त्याच मुलाच्या हातून निघालेला तांदूळ बघायला शेजारच्या गटातल्या बायका आल्या होत्या. मुलाची माफी मात्र कोणीच मागितली नाही.

अवांतर_आबा

म्हणजे 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण इथे लागूच नाही. अंगणच वाकडं होतं की!

रेवती_क

@कणीदार, ओल १४ टक्के आली हे ओळखायचं कसं? मीटर सगळ्यांकडे नसतो. दाताखाली दाणा फोडून "कट्ट" आवाज आला की वाळलं, असं आमची आजी सांगायची. पण माझ्या दाताला प्रत्येक वेळी वेगळाच आवाज येतो.

कणीदार

मिठाची युक्ती करा. कोरडी काचेची बरणी घ्या, त्यात थोडं कोरडं मीठ आणि मूठ-दोन मूठ भात टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि जरा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा वाळवा. मीठ मोकळं राहिलं तर बरं. एका गटाला एक ओलावा मीटर पुरतो, पण मीटर हरवतो, मीठ हरवत नाही.

निळू

थोडं कडू बोलते. "अर्ध्या तासाने परतायचं" हे वाक्य किती सहज लिहिलंत! परतणार कोण? दहा-बारा वेळा उन्हात वाकून भात परतायचं, कोंबड्या हाकलायच्या, ढग आला की धावत जाऊन गोळा करायचं. त्याच वेळात स्वयंपाक, पाणी, पोरं, गुरं. मूल्यवर्धन या गोंडस शब्दाखाली बऱ्याचदा बाईचे आणखी चार बिनपगारी तास दडलेले असतात. तांदळाचा भाव वाढला हे वहीत येतं, तिचे तास कुठल्याच वहीत येत नाहीत.

मृण्मयी, यंत्राचा प्रश्न नंतर. आधी तुझ्या गटातल्या बायकांना विचार, दिवसातलं सर्वांत नकोसं काम कोणतं? उत्तर "भरडणं" असेल तर गिरणी घे. "वाळवणं" असेल तर गिरणीने काही सुटणार नाही.

कणीदार

@निळू, मान्य. परतायला मी होतो असं लिहिणार होतो, पण बायको हा धागा वाचते.

इतिहासाचं_गाठोडं

धागाकर्तीची धाकधूक नवी नाही. इंडोनेशियात जावा बेटावर १९७० च्या आसपास छोट्या भातगिरण्या झपाट्याने आल्या. त्याआधी तिथे भात हाताने कांडलं जाई आणि भूमिहीन बायकांना त्याची मजुरी धान्यात मिळे. ही कांडणाची मजुरी हाच पुष्कळ घरांचा आधार होता. गिरण्या आल्या आणि हे काम बघता बघता गेलं. नेमके किती रोजगार बुडाले यावर अर्थतज्ज्ञांचे तेव्हा जोरदार वाद झाले, पण बुडाले याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

बांगलादेशातही तेच. तिथे ढेकी असते, म्हणजे पायाने दाबायचं लाकडी उखळ-मुसळ. ज्यांना घराबाहेर दुसरं काम मिळणं कठीण, अशा गरीब बायका शेजारच्या मोठ्या घरी ढेकीवर भात कांडून पोट भरत. गावोगाव हलर आले तेव्हा मोठ्या घरच्या सुनेची पाठ सुटली आणि गरीब बाईची रोजी गेली. एकाच यंत्राने एकीचा भार उतरवला आणि दुसरीचं ताट काढून घेतलं. म्हणून "बायकांचा फायदा" हा शब्दच मला संशयास्पद वाटतो. कोणत्या बाईचा, हे विचारायला हवं.

गिरणीवाला

गाठोडेसाहेब, अभ्यास दांडगा आहे. मग काय करायचं? गिरण्या बंद करून सगळ्यांनी परत कांडत बसायचं?

इतिहासाचं_गाठोडं

असं मी कुठे म्हटलं? म्हटलं इतकंच की गिरणी आल्यावर भात कांडून जगणाऱ्या बाईला त्या गिरणीत जागा आहे का, हे आधी ठरवा. पाखडणं, कणी वेगळी करणं, पोती शिवणं ही कामं तिला मिळू शकतात. नंतर आठवण झाली तर उपयोग नाही.

सुमन_मावशी

नातवाकडून टाइप करून घेतेय, चुका त्याच्या.

कांडणाचं कौतुक ज्यांनी कांडलं नाही तेच करतात. पहाटे उठून दोघी समोरासमोर मुसळ घालायचो. खांद्याची वाट लागायची, तळहाताला घट्टे, तूस डोळ्यांत जायचं ते दिवसभर खुपायचं. पोटुशी असले तरी सुटका नव्हती. गिरणी आली तेव्हा मी मुसळ सरळ चुलीत घातलं. हे आधी सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी जुन्याचं गाणं गाते.

पण एक गोष्ट तुमच्यापैकी कोणी लिहिली नाही. कांडायचे तेव्हा कोंडा माझा होता. कणी माझी होती. कोंडा गाईला, कणी कोंबड्यांना आणि अंड्यांचे पैसे माझ्या डब्यात. ते कोणी विचारत नसे. गिरणी आल्यावर घरधनी पोतं घेऊन जाऊ लागले. गिरणीवाला भरडाईच्या बदल्यात कोंडा ठेवून घ्यायचा, "रोख द्यायला नको" म्हणून हेही खूश. पोत्याबरोबर माझा डबाही गेला. कष्ट वाचले हे खरं, पण त्या दिवसापासून दहा पैशांना हात पसरावा लागला.

तेव्हा पोरी, गिरणी घ्यायची तर घे. पण पोतं कोण नेतं आणि कोंडा कोण आणतं ते आधी ठरव.

निळू

मावशी, 🙏 या प्रतिसादावर वेगळा धागा निघायला हवा.

रेवती_क

+१००. "कोंड्याचा मांडा करून खाणे" असं आपण गरिबीतल्या टुकीच्या संसाराला म्हणतो. आणि इथे कोंडाच गेला!

गिरणीवाला

मावशी, प्रामाणिकपणे कबूल करतो. भरडाईपेक्षा कोंड्यात जास्त सुटतं. कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असतं. तेल काढणारे घेतात, पशुखाद्यवाले घेतात. पण हे फक्त स्वच्छ कोंड्याचं. लोखंडी हलरचा तूसमिसळ कोंडा कोणी भावाने घेत नाही. दोन टप्प्यांच्या यंत्राचा हाही एक फायदा, जो मी वर लिहायचं "विसरलो".

अवांतर_आबा

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का? (हलके घ्या हो गिरणीवाले.)

जाता जाता, इतकं पॉलिश करायचंच कशाला? जावाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथेच आयकमन या डच डॉक्टरच्या लक्षात आलं की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या माणसांचे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं कोडं तिथून उलगडायला लागलं, १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे मावशींच्या कोंबड्या आपल्यापेक्षा चांगलं खात होत्या. गटाने बिनपॉलिशचाच तांदूळ विकावा, शहरात मागणी आहे.

कणीदार

आबा, आम्ही तेही करून बसलोय. तूस काढलं की कोंड्याच्या थरातलं तेल हवेशी आणि दाण्यातल्याच पाचक द्रव्याशी भिडतं, आणि उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत खवट वास येतो. पाच पोती परत आली. मुसळ केरात गेलं म्हणतात ते असं. बिनपॉलिशचा तांदूळ विकायचा तर ऑर्डर आल्यावर भरडायचा. भात तुसात असेपर्यंत टिकतं, तूस हे निसर्गाने दिलेलं पॅकिंग आहे.

दूरदेशी_पांथस्थ

यावर एक मधला मार्ग आहे, उकडा तांदूळ. मी कामानिमित्त पश्चिम आफ्रिकेत, बेनिनमध्ये काही वर्षं होतो. तिथे भात उकडणं हा जवळजवळ पूर्णपणे बायकांचा धंदा आहे. त्या शेतकऱ्यांकडून भात विकत घेतात (काही स्वतःही पिकवतात), भिजवतात, वाफवतात, वाळवतात, गिरणीतून भरडून आणतात आणि बाजारात स्वतः बसून विकतात. गिरणी कोणाचीही असो, तांदूळ त्यांचा आणि पैसाही त्यांचा.

उकडताना दाण्यातलं पीठ शिजून एकजीव होतं, बारीक चिरा सांधल्या जातात, म्हणून कणी कमी पडते. कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्यात आत उतरतात, म्हणून पॉलिश केल्यावरही सगळी जात नाहीत.

जुनी पद्धत म्हणजे मोठ्या पातेल्यात भात आणि पाणी एकत्र. खालचं शिजून फुटतं, वरचं कच्चं राहतं, तांदूळ डागाळतो. आयात केलेल्या स्वच्छ तांदळासमोर तो मागे पडायचा. सुधारणा अगदी साधी होती: आत छिद्रं असलेलं दुसरं भांडं, म्हणजे भात पाण्याला न शिवता फक्त वाफेवर राहतं. एवढ्याने रंग सुधारला. पुढे आफ्रिकाराइस या संशोधन केंद्राने मोठ्या प्रमाणावरची 'जेम' नावाची उकडण्याची व्यवस्था तयार केली. बेनिनमध्ये ग्लाझुए इथे ती बायकांच्या संघासाठी बसवली. एकसारखी वाफ, कमी सरपण, भांडी उचलायला कप्पी.

अडचणीही सांगतो. सरपण लागतं, धूर होतो. तुसावर चालणारी चूल हा चांगला उपाय, कारण प्रत्येक टन भातामागे २०० किलो तूस फुकटात पडलेलंच असतं. आणि मोठी व्यवस्था आली की पाळी कोणाची यावरून भांडणं. छोटं भांडं प्रत्येकीचं स्वतःचं असतं, हा त्याचा गुण कमी लेखू नका.

सडेतोड_७७

एवढा काथ्याकूट कशाला? यंत्राचं काम पुरुषांचंच. बायकांना पट्टा चढवता येतो का? महिन्याभरात यंत्र धूळ खात पडेल.

रेवती_क

@सडेतोड, पट्टा चढवायला दोन हात लागतात. बाकी ज्या अवयवाची गरज आहे तो तुमच्या प्रतिसादातून जाणवला नाही.

गिरणीवाला

सडेतोडराव, माझ्या गिरणीवर सहा वर्षं माझी मेहुणी यंत्र चालवतेय. रूळ बदलायला मला पाऊण तास लागतो, तिला अर्धा. पट्ट्याला जाळी लावली की झालं, ती मात्र पुरुष असो वा बाई, लावलीच पाहिजे. पदर, ओढणी, लुंगी, पट्टा काहीच सोडत नाही.

हिशेबनीस

सगळं वाचलं. आता कोणीच न केलेलं गणित करतो, राग मानू नये.

चाळीस बायका, प्रत्येकी आठ क्विंटल, म्हणजे ३२० क्विंटल, ३२ टन. छोटी रबरी रूळवाली गिरणी तासाला ३०० किलो धरू. ३२,००० भागिले ३०० म्हणजे सुमारे १०७ तास. दिवसाला सहा तास चालवली तर १८ दिवस. मृण्मयीताई, वर्षाचे उरलेले ३४७ दिवस हे यंत्र काय करणार?

म्हणजे बाहेरचं भात भरडायला घ्यावं लागेल. मग तो धंदा झाला: रोज कोणीतरी हजर, वीज, दुरुस्ती, उधारी, आणि आधीच असलेल्या गिरणीवाल्याशी स्पर्धा. करता येईल, पण ते "शेतकरी बायकांना मदत" पेक्षा वेगळं काम आहे.

दुसरं. बाई मळणी होताच भात का विकते? गिरणी नाही म्हणून नव्हे. तिला त्या आठवड्यात देणी भागवायची असतात. तांदूळ करून दोन महिन्यांनी विकायचा तर ते दोन महिने तिने काय करायचं? भात ठेवून घेऊन तिला लगेच उचल देता आली नाही तर गिरणीत भात येणारच नाही. माझ्या पाहण्यात दोन गट बुडाले. दोघांकडे यंत्र उत्तम होतं, खेळतं भांडवल नव्हतं.

तिसरं. खातं बाईच्या नावावर असतं आणि बँकेचा संदेश जातो नवऱ्याच्या फोनवर. हे एक तपासून घ्या.

निळू

हिशेबनीस, १८ दिवसांचा आकडा वाचून खुर्चीतून पडले.

अवांतर_आबा

३४७ दिवस यंत्राला हार घालून ठेवायचा. उद्घाटनाचा सुकेपर्यंत दुसरा.

मृण्मयी_भ (धागाकर्ती)

चार दिवस गायब होते, गटाच्या बैठकीत होते. सगळ्यांना मनापासून धन्स.

निळूचा प्रश्न तसाच्या तसा विचारला. चाळीसपैकी एकतीस जणी म्हणाल्या, वाळवणं. भरडणं फक्त दोघी, त्यांचं घर गिरणीपासून लांब आहे. बाकीच्यांनी धुणं सांगितलं, तो वेगळा धागा. मग हिशेबनीसांचं गणित फळ्यावर मांडलं. १८ आकडा आल्यावर एक मिनिट शांतता. मग एकीने विचारलं, "मग गिरणी भाड्याने का नाही घ्यायची? आपलं भात एका वेळी, आपल्यासमोर."

सध्या ठरलंय ते असं. देणगीदारांना कळवतेय की यंत्र आत्ता नको. त्याऐवजी वाळवणासाठी एक सपाट पक्कं खळं, ताडपत्र्या, एक ओलावा मीटर, वजनकाटा, आणि हवाबंद पिशव्या, म्हणजे भात राहील आणि किडे हवेविना मरतील. उरलेल्या पैशांतून उचलीसाठी निधी. खळ्यावर परतायला पाळीने दोघी, त्यांना गटातून मजुरी. इथे गावातल्या भूमिहीन तिघींना पहिला हक्क द्यायचा असं ठरलं (@गाठोडं, तुमच्यामुळे). भरडायला रबरी रूळवाली गिरणी ठरावीक दिवशी पूर्ण दिवस घ्यायची. पाच जणी उकडण्याची भांडी करून बघणार आहेत. वर्षाने गणित पुन्हा मांडू. भात वाढलं असेल तर गिरणीचं बघू.

देणगीदारांचा फोन येऊन गेला. थोडे हिरमुसले. म्हणाले, खळ्याचा फोटो चांगला येत नाही.

कणीदार

फीत ताडपत्रीची कापा म्हणावं. पण कोपऱ्यातूनच, मधोमध नको, पाणी गळतं.

हिशेबनीस

उचल किती द्यायची तेही लिहून ठेवा. भाताच्या त्या दिवसाच्या भावाच्या ६०-७० टक्क्यांवर जाऊ नका. भाव पडला तर निधी गटाच्या अंगावर यायचा.

मृण्मयी_भ (धागाकर्ती)

नोंद केली. एक राहिलं. भाड्याच्या गिरणीत कोंडा कोणाचा? आमच्या इथला मालक म्हणतो, भरडाई कमी करतो, कोंडा ठेवतो. बायका जवळजवळ "हो" म्हणाल्याच होत्या.

सुमन_मावशी

भरडाई रोख द्या. कोंडा घरी आणा. आणि पोती आपली न्या, रिकामी, मोजून. गिरणीवाल्याच्या पोत्यात भरलात तर तो म्हणतो पोतं परत आणा, आणि पोत्याबरोबर कोंडाही तिथेच राहतो.

गिरणीवाला

मावशी, तुमचं गाव कोणतं ते सांगू नका. त्या गावात गिरणी टाकायची नाही एवढं ठरवलंय.